काचेचं दुसरं टोक

नुसतं "बापू काचवाला" म्हटलं असतं तर बाजारात कोणी ओळखलं नसतं. "ते दोघे साडू" म्हटलं की मात्र शेंबडं पोरही बोट दाखवायचं. मोठ्या काचा वाहून न्यायच्या आणि बसवायच्या हा दोघांचा धंदा. दुकान मालकाचं, हात यांचे. कपड्यांच्या दुकानांच्या दर्शनी काचा, केशकर्तनालयातले भिंतभर आरसे, दवाखान्यांची दारं, म्हणजे जे एकट्याला उचलत नाही आणि तिघांसकट जिन्यात मावत नाही ते सगळं यांच्या गळ्यात. आता साडू म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, हे काही सांगायला नको. पण यांच्यात आधी जोडी जमली आणि नातं मागाहून आलं. साडूचं लग्न झालेलं, बापू सडाफटिंग. साडू तेव्हा नुसता जोडीदार होता. तो एक दिवस म्हणाला, माझ्या बायकोला धाकटी बहीण आहे, येऊन बघून जा. मालक हे अजून चवीचवीने सांगतो. "जोडीदार पळून जाऊ नये म्हणून लेकाने मेहुणी देऊन टाकली!" बापूची बायको यावर फणकारते, "म्हणजे मी काय काचेवर फुकट मिळाले होय?"

दोघे एकमेकांना साडूभाऊच म्हणायचे. खरी नावं पगाराच्या दिवशी कामाला यायची, तेवढीच.

काच उचलण्याची एक रीत असते. लोकांना वाटतं, एक-दोन-तीन हय्या करायचं आणि उचलायचं. तशी कपाटं उचलतात. काचेला हय्या चालत नाही. दोघांनी दोन टोकांना उभं राहायचं, हात लावायचे आणि श्वास आत ओढून धरायचा. दोन्ही श्वास एकदम धरले गेले की काच जमीन सोडते. मग ती जागेवर टेकेपर्यंत बोलायचं नाही, खोकायचं नाही, श्वास घेतलाच तर वरच्यावर, चोरून. बोललं की छाती हलते, छाती हलली की हात हलतो आणि हात हलला की मालकाचं तोंड हलतं. असं यांना यांच्या उस्तादाने शिकवलेलं. बापूला साडूच्या चालीवरूनच कळायचं, आता पायरी आली, आता वळायचंय, आता गडी दमला, टेकवू या. बायकोला तासभर सांगूनही जे समजत नाही ते या दोघांना न बोलता समजायचं, आणि हे मत दुसऱ्या कोणाचं नाही, खुद्द बापूच्या बायकोचं.

दुसरी रीत त्याहून मोठी. काच सुटली तर सोडायची. जो आधी ओळखेल त्याने "सोड!" म्हणून ओरडायचं आणि दोघांनी मागे उडी मारायची. काच दुसरी येते, हात दुसरे येत नाहीत. हे इतक्यांदा घोकलेलं की झोपेत उठवून विचारलं तरी बापूने सांगितलं असतं.

आणि नेमक्या वेळेला शहाणा गाढव झाला.

त्या दिवशीची काच लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्याने न्यायची ठरली. साडू खालच्या टोकाला, बापू वरच्या. वळणावर कोणीतरी फरशी पुसून साबणाचं पाणी तसंच ठेवलं होतं. बापूचा पाय घसरला आणि काच खाली निघाली. आता ओरडायचं होतं. पण साडूच्या पाठीला भिंत लागलेली आणि बाजूला व्हायला तिथे बाजूच नव्हती. बापू ओरडला नाही. त्याने काच धरली. एका गुडघ्यावर बसून, कमरेतून पिळवटून, साडू वाकून तिच्याखालून निसटेपर्यंत धरली. मग ती अलगद भिंतीला टेकवली, साधा ओरखडासुद्धा उठू दिला नाही, आणि पायरीवर बसला. तो बसला तो उठलाच नाही.

"काच शाबूत आणि कारागीर फुटला," मालक दवाखान्यात म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचेच डोळे भरून आले. जिवावरचं कमरेवर निभावलं असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मणक्यातली चकती सरकली होती, डाव्या पायाची नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. दुखणं हळूहळू ओसरलं. पण पाय आपला नाहीच, भाड्याने घेतलाय असा चालायचा, आणि बादली उचलायची म्हटली तरी बायको धावत यायची.

डॉक्टर म्हणाले, "आता कमरेला औषध नाही, ताकद हवी. मी एका बाईंकडे पाठवतो. पिलाटेस शिकवतात."

"ते काय असतं?"

"व्यायाम. पोटाचे, पाठीचे. हळूहळू करायचे."

"मग परत काच उचलता येईल?"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "आधी पिशवी उचलू या."

बापूने त्यातलं "उचलू या" तेवढं ऐकलं.

बाईंचा वर्ग ड्रायक्लीनरच्या दुकानावर होता. जिना चढताना इस्त्रीची वाफ अंगावर यायची. वर एक लांब खोली, लाकडी जमीन, ओळीने अंथरलेल्या चटया, कोपऱ्यात स्प्रिंगांवर पुढेमागे सरकणारी एक खाट, आणि एका भिंतीला मोठा आरसा. बापू काठी टेकत आत आला तो कोणाला नमस्कार न करता थेट आरशाशी गेला, कडेने बोट फिरवलं आणि म्हणाला, "कोणी बसवला हा? वरची पट्टी सैल आहे, बघून घ्या." बाई वयाने त्याच्या मुलीसारख्या. त्या हसल्या. "बघते हं काका. आता जरा आडवे व्हा."

बाकी सगळ्या बायका. शेजारच्या चटईवर निवृत्त झालेल्या एक नर्सबाई, खांदा मोडून जुळलेला. पुरुष हा एकटाच, तोही बनियनवर सदरा आणि सदऱ्यावर स्वेटर घालून आलेला. बापूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुडघे वाकवा. पाय जमिनीवर. नाकाने श्वास घ्या, तोंडाने सोडा. सोडताना बेंबी हळूच कण्याकडे न्या."

बापू वाट बघत राहिला. पुढे काहीच येईना.

"एवढंच?"

"आज एवढंच."

भिंतीएवढ्या काचा उचललेल्या माणसाला आता बेंबी उचलायला सांगताहेत, असं तो घरी जाऊन बायकोला म्हणाला. बायको म्हणाली, "मग? उचलली का?" त्यावर बापूने चहा मागितला, कारण ती उचलली नव्हती.

घोडं अडलं ते श्वासापाशी. पुढच्या खेपांना बाईंनी पालथे हात जमिनीला लावून कंबर उचलायला शिकवली. आधी शेपटीचं हाड, मग एकेक मणका, आणि खाली येताना तसाच एकेक मणका जमिनीला टेकवत यायचं. मग हातागुडघ्यांवर उभं राहून उजवा हात आणि डावा पाय एकदम लांब करायचा, मधली कंबर पाट मांडल्यासारखी स्थिर. मग कुशीवर झोपून दुबळा पाय वर. दर खेपेला बापू हालचाल बरोबर करायचा आणि दर खेपेला बाई मध्येच थांबवायच्या.

"काका, श्वास कुठाय तुमचा?"

"आहे की. धरलाय."

"कशाला धरलाय?"

"पाय उचलायचाय ना?"

"उचलतानाच सोडायचा असतो."

"सोडला तर पडेल."

"काय पडेल?"

बापूच्या हातात काहीच नव्हतं. पण वजन आलं की छाती बंद, हे त्याच्या हाडात इतकं मुरलं होतं की रिकामा पाय उचलतानाही तो काच धरल्यासारखा कोंडून घ्यायचा. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा टरारलेल्या. मग त्याने एकदा सगळी रीत सांगितली, उस्तादासकट. बाई मांडी घालून शेजारी बसल्या, नीट ऐकलं, मग त्याच्या पोटावर त्याचाच हात ठेवायला लावला. "आता धरा श्वास आणि पाय उचला. पोट बघा कसं फुगून बाहेर आलं? तो सगळा दाब मागे जातो, जिथे तुमची दुखरी जागा आहे तिथे. आता सोडत उचला. आलं का पोट आत? आता ते कमरेला आतून धरतंय."

"पण मग इतकी वर्षं कशी नाही गेली कंबर?"

"इतकी वर्षं तुम्ही तरुण होतात, काका."

शेजारून नर्सबाई म्हणाल्या, "सोडा हो श्वास, काचवाले! कोणी चोरून नाही नेणार."

सगळ्या बायका हसल्या. बापूही हसला, आणि हसताना श्वास सुटला, आणि पाय वर गेला. बाई म्हणाल्या, "बघा!"

तर असा तो शिकत गेला. घरी पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत सतरंजी टाकायचा. बायको झाडू घेऊन आली की म्हणायची, "पाय वर करा," आणि बापू शहाण्यासारखा दोन्ही पाय वर करून, श्वास सोडत, तिचं झाडून होईपर्यंत धरून ठेवायचा. काठी गेली. पायातल्या मुंग्या गेल्या. पिशवी उचलली, बादली उचलली, नंतर गॅसची टाकी उचलली आणि त्यासाठी बायकोचा मार खायचा तेवढा बाकी राहिला.

पण खरं सांगायचं तर हे सगळं तो चालायला यावं, वाकायला यावं, म्हणून करत नव्हता. त्याला साडू हवा होता. कंबर उचलून, खांदे ते गुडघे एक सरळ रेघ करून तो आढ्याकडे बघत असायचा तेव्हा डोळ्यापुढे एकच गोष्ट असायची. सकाळची वेळ, व्हॅनचं मागचं दार उघडलेलं, काचेचं एक टोक आपल्या हातात, आणि पलीकडे साडू मान तिरकी करून, रस्ता नजरेने मोजत. कोणी काही बोलत नाही. दोघे चालू लागतात. त्या चालण्याची त्याला इतकी ओढ लागली होती की कधीकधी छातीत दुखायचं. बायकोला हे सांगायची सोय नव्हती. काय सांगणार? मला तुझ्या बहिणीच्या नवऱ्याची आठवण येते?

आणि आठवण यायला तो काही परदेशी नव्हता गेला. तीन गल्ल्या पलीकडे राहायचा. सुरुवातीला रोज यायचा. पलंगाशेजारी खुर्चीवर बसायचा, फळं आणायचा, ती स्वतःच सोलून बापूपुढे ठेवायचा आणि मग स्वतःच्या बुटांकडे बघत बसायचा. बापू उठून बसायला लागला तसा साडू कमी येऊ लागला. आला की बापू हुरूप येऊन दाखवायचा, "हे बघ, साडूभाऊ, पाय बघ कुठवर जातो! बाई म्हणतात, महिन्याभरात वजनं सुरू करू." साडू म्हणायचा, "वा! छान," आणि कपातल्या चहात काहीतरी शोधायचा. कधी येतोस कामावर, हे त्याने एकदाही विचारलं नाही. अख्ख्या बाजाराने विचारलं, ड्रायक्लीनरने विचारलं, साडूने विचारलं नाही.

कारण उघड होतं. त्याला लंब्या मिळाला होता.

लंब्या म्हणजे मालकाने बापूच्या जागी आणलेला माणूस, नावाप्रमाणे ताडमाड. काचेच्या कामात जोडीदार उंचीला जुळता असावा, नाहीतर सगळा भार बुटक्यावर येतो. बापूला वाटायचं, हा काय टिकतोय, नव्याचे नऊ दिवस. पण नऊ दिवस कधीच सरले, लंब्या काही गेला नाही. एकदा वर्गातून परतताना बापूला चौकात मालकाची व्हॅन दिसली. एका नव्या औषधाच्या दुकानात काच चढत होती. बापू समोरच्या फुटपाथवर विजेच्या खांबाआड उभा राहिला. सवतीला चोरून बघावं तसा. साडू मागच्या टोकाला, लंब्या पुढे, आणि तो लंब्या अखंड बोलत होता! "हां, आलो, आलो, पायरी आहे हं, खाली, अजून खाली, बस्स." बापूला वाटलं, आता साडू चिडेल. साडू चिडला नाही. साडू म्हणाला, "हं, ठेव." काच जागेवर बसली. दोघे हात झटकून बाजूला झाले आणि साडू कशावर तरी हसला. बापूच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास धरून उभे आहोत. तो घरी आला आणि सतरंजीवर आडवा झाला.

त्यानंतर त्याने चेव आल्यासारखा व्यायाम केला. बाईंनी त्याला सरकत्या खाटेवर घेतलं. पाठीवर झोपून पायांनी दांडीला रेटायचं की खाट स्प्रिंगा ताणत मागे जायची, आणि खरी परीक्षा परत येताना. सैल सोडलं तर खाट धाडकन आदळायची. स्प्रिंगेला पायांनी थोपवत, हळूहळू, आवाज न होऊ देता जागेवर यायचं. पहिल्या दिवसापासून बापूची खाट एकदाही आदळली नाही. बाई म्हणाल्या, "इतक्या हळू कोणीच येत नाही." नर्सबाई म्हणाल्या, "त्यांना खाटसुद्धा फुटेल असं वाटतं." मग उभ्याने, भिंतीला पाठ लावून, डोक्यापासून मणका मणका सोडत खाली वाकणं आणि तसंच वर येणं. मग हातात वजनं. शेवटी बाईंनी कुठून तरी एक जाड फळी आणली, स्वतः एक टोक धरलं, दुसरं बापूला दिलं आणि दोघे ती फळी घेऊन खोलीभर चालले. बापूची कंबर जागची हलली नाही. श्वास उचलताना सुटला, ठेवताना सुटला, मध्ये वाहता राहिला.

"जा आता," बाई म्हणाल्या. "पण धरायचा नाही हं. आणि जोडीदारालाही सांगा. त्याचीही कंबर कंबरच आहे."

डॉक्टरांनीही हो म्हटलं. बापूने पेढ्यांचा खोका घ्यावा तसा आनंद छातीशी धरून घर गाठलं. "सोमवारपासून जातोय कामावर!" बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, "हो का?" आणि चिरतच राहिली.

"अगं, हो का काय? साडूभाऊबरोबर. मालकाशी बोलणं झालंय."

"भाऊजींना विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? फोन केला होता. हं म्हणाला."

बायकोने चिरलेली भाजी पुन्हा चिरायला घेतली.

सोमवारी बापू दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा. मागच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर काचा ओळीने टेकवलेल्या, खाली भुसा, कापायच्या टेबलावर तेलाचा वास. मालकाने मिठी मारायला हात पसरले आणि कंबर आठवून मागे घेतले. साडू आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "बरा दिसतोस." दाढी केलेली, हातमोजे नवे.

"आधी ही मधली घ्या," मालक म्हणाला. "नुसती घोडीवरून टेबलावर. मग बघू."

दोघे दोन टोकांना उभे राहिले. बापूने फोनवर सगळं समजावलं होतं, उचलताना सोडायचा, धरायचा नाही. त्याने साडूकडे बघितलं. साडूने मान हलवली. बापूने श्वास सोडला आणि उचललं. त्याचं टोक वर आलं. दुसरं आलं नाही.

"चुकलं माझं," बापू म्हणाला. "परत."

परत तेच.

आता बापूने नीट बघितलं. साडूचे तळवे काचेला नुसते लागलेले होते, बोटं तिच्याखाली वळलीच नव्हती. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"काय रे? बरं नाही का?"

"घे. परत घे."

पुन्हा घेतलं. काच तिरपी झाली, बापूने ती सावकाश टेकवली. मालक म्हणाला, "अरे, चाललंय काय तुमचं?" बापू म्हणाला, "मालक, तुम्ही जरा चहाचं बघा." मालक इतका काही बावळट नव्हता. तो गेला.

"लंब्याबरोबर उचलतोस ना?"

"उचलतो. परवाच दवाखान्याचं दार नेलं. कोणाबरोबरही उचलतो."

"मग माझ्यात काय वाईट आहे? माझी कंबर चांगली झालीय, साडूभाऊ. डॉक्टरला विचार. बाईंना विचार."

"तुझ्या कमरेचं नाही म्हणत मी."

"मग?"

साडूने हातमोजे काढले, घडी केली, परत उलगडले. "तू सोडणार नाहीस," तो म्हणाला.

"काय?"

"उद्या माझा पाय घसरला, काच निघाली, तर तू सोडणार नाहीस. मला माहीत आहे. तू धरशील आणि परत तसाच बसशील पायरीवर. तो लंब्या आहे ना, तो पहिला सोडेल. काच सोडेल, मला सोडेल आणि पळेल बाहेर. म्हणून मला त्याच्याबरोबर भीती वाटत नाही. तू समोर उभा राहिलास की माझे हात वळतच नाहीत रे. मी घरी करून बघितलं. टेबल उचलून बघितलं, बायकोला पलीकडे उभं करून, आणि हा साडूभाऊ आहे असं मनात आणून. टेबलसुद्धा नाही उचललं."

"सोडीन मी," बापू म्हणाला. "शप्पथ सोडीन."

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही."

बापूने मनातल्या मनात तो जिना आणला होता, ती भिंत आणली होती, साडूची त्या भिंतीला लागलेली पाठ आणली होती, आणि तिथे त्याचे हात काच धरूनच बसले होते. काही केल्या सुटेनात. खोटं बोलायलासुद्धा जागा राहिली नाही.

"मग आधी सांगायचंस," तो शेवटी ओरडला. "मी तिथे बायकांत पडून पाय हलवत होतो! कशासाठी हलवत होतो मी पाय?"

साडू रडत होता. शेडच्या मधोमध उभा राहून, हातात मोजे घेऊन, पोरासारखा. बापू त्याच्यापाशी गेला नाही. त्याला राग आला होता, आणि जवळ गेलो तर आपणही रडू हे त्याला दिसत होतं.

घरी बायकोने ताट वाढलं. बापूने एकेक शब्द सांगितला. तिने ऐकून घेतलं. ती चकित झाली नाही हे बापूच्या उशिरा लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"ताई म्हणाली होती. तुम्ही बसते झालात तेव्हाच."

"तेव्हा? आणि तू मला इतके महिने बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

"का?"

तिने त्याच्या ताटात पोळी टाकली. "बोलले असते तर तुम्ही त्या सतरंजीवरून उठला असतात?"

बापूने पोळीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. काही झालं तरी माणूस कामावर जातो. मालकाने लंब्याच्या जोडीला बापूला लावलं आणि साडूला कापायच्या टेबलाशी. उंचीचा फरक होता म्हणून बापूने लंब्याला हात जरा खाली धरायला लावले. लंब्याशी सगळं बोलावंच लागायचं. उचलू का, पायरी आहे, जरा थांब, आता टेकव. बापूला बोलायचं जड जात नव्हतं, श्वास आता मोकळा होता. पाठ ताठ, पोट आत, पाय भक्कम. बाईंनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

दोघे काच घेऊन शेडमधून बाहेर निघाले. व्हॅन अंगणात उलटी लावलेली, म्हणून दारातून निघताच वळायचं होतं. बापू मागच्या टोकाला होता. आणि काचेच्या पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर त्याच्या तोंडाला एवढी वर्षं एकच नाव माहीत होतं.

"साडूभाऊ, डावीकडे," तो म्हणाला.

लंब्या गोंधळून जागीच थांबला.

टेबलापाशी पाठमोरा साडू काच कापत होता. त्याने मान वर केली नाही. पण काप अर्धा राहिला, आणि तो म्हणाला, "हं."

बापूने काच तशीच तोलून धरली, एकदा श्वास घेतला, एकदा सोडला.

"लंब्या, डावीकडे," तो म्हणाला. मग लंब्या डावीकडे वळला.